काठाचा सांधा

गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, म्यूरिएलनं समोरची बशी उचलली आणि तळावरचा कारखान्याचा शिक्का बघण्यासाठी सरळ उलटी केली. बशीत दोन ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी होती, बेकन होतं, वर पातळसर अंडं होतं. ते सगळं आधी तिच्या मांडीवर आणि तिथून गालिच्यावर गेलं. ती मात्र चष्मा कपाळावर ढकलून, बशीचा तळ खिडकीच्या उजेडाकडे धरून शांतपणे वाचत होती. “लाँगटनची आहे,” ती म्हणाली, “मला वाटलंच होतं. जाड हात आहे त्यांचा.” मी हसलो. पहिल्या वेळी मी हसलो होतो, हे कबूल करायला हवं. आमच्या या भांडी घडवणाऱ्या सहा गावांत, लाँगटन त्यातलंच, बशी उलटी करून बघण्याला कुणी वेड म्हणत नाही. लग्नात, मयताच्या चहाला, चॅपलच्या जेवणात, जिथं म्हणून पान मांडलं जाईल तिथं आम्ही बशीचा तळ बघतो. निम्म्या गावाचा जन्म भांड्यांच्या कारखान्यांत गेला. कुणाच्या हातचं खातोय हे बघितल्याशिवाय आम्हाला घास जात नाही. लग्नानंतर आम्ही दोघं ब्लॅकपूलला गेलो होतो, तिथल्या खाणावळवाल्या बाईनं आम्हाला भांडीचोर समजून सगळ्या बश्या मोजल्या होत्या. पण आधी खायचं आणि मग उलटायचं. शहाणपण आणि वेडामध्ये एवढंच अंतर, आणि त्या मंगळवारी म्यूरिएल ते ओलांडून गेली. मला ते कळायला आणखी पंधरा दिवस लागले.

आज ऑक्टोबर आहे, गुरुवार आहे, अकरा वाजता कौन्सिलच्या मिसेस ऑल्कॉक येणार आहेत आणि मी स्वयंपाकघरात फडताळासमोर उभा आहे. किती वेळ उभा आहे ते ठाऊक नाही. पाय दुखताहेत म्हणजे बराच वेळ झाला असावा. गिलियननं, म्हणजे आमच्या मुलीनं, हे सगळं ठरवलं. फोनवर म्हणाली, “डॅड, त्या फक्त बघून जातील. ममला घरी ठेवता येतं का नाही तेवढं बघतील. तू काही लपवू नकोस.” मी म्हटलं, लपवायला माझ्याकडे आहे काय? ती म्हणाली, “तेच. तू लपवतोस. मी आले की घर लखलखीत असतं, मम जेवत असते, आणि तू मात्र दर महिन्याला निम्मा होत चाललायस.” मुलीचं खोटं नव्हतं. नॉर्टनच्या वाटेवर म्हाताऱ्या माणसांचं एक होम आहे, तिथं एक खाट रिकामी झाली आहे. खाट रिकामी होते म्हणजे काय होतं, ते मी विचारलं नाही. मिसेस ऑल्कॉकना वाटलं की म्यूरिएलचं घरी धड चालत नाही, तर सोमवारी तिची पेटी भरायची. नाही वाटलं, तर ती इथंच. आणि खरं सांगायचं तर माझ्यासमोर फडताळात दोन बश्या आहेत. त्यातली कुठली काढायची त्यावर हे सगळं अवलंबून आहे, आणि ते जगात मला एकट्यालाच माहीत आहे.

एक बशी गिलियननं आणलेली. पांढरी, गुलाबी फुलांची, बाजारातल्या सेटमधली. तळाला लाँगटनचा ठसठशीत शिक्का. दुसरी म्यूरिएलची. ही जुनी, दोनशे वर्षांपूर्वीची, आमच्या मातीची नव्हे, तर तेव्हाच्या त्या नाजूक पोर्सेलिनची. निळ्या छापाची, खोलगट, एका बाजूला टवका उडालेली. तिच्यावर चीन देश आहे. पाणी आहे, पाण्यात बेट आहे, बेटावर वळलेल्या कौलांचं घर आहे, होडीत गळ टाकून एक माणूस बसलाय आणि खडकावर दुसरा हातात मासा उंच धरून उभा आहे. ज्यानं छापण्यासाठी हे तांब्याच्या पत्र्यावर कोरलं त्यानं चीन कधी पाहिला नव्हता. त्यानं दुसऱ्या कुणाची बशी पाहिली असेल, आणि त्या दुसऱ्यानं खरी चिनी. म्यूरिएल म्हणायची, “सिरिल, हा मासेवाला नीट बघ. हा आपल्या बर्सलमचाच आहे. शनिवारी कालव्यावर बसणारा. टोपी तेवढी बदललीय मेल्यानं.” तिच्या मते त्या सगळ्या चीनमध्ये एकच खरा चिनी होता, तो म्हणजे मासा.

ही बशी तिनं लीकच्या बाजारात जुन्या भांड्यांच्या ढिगातून काढली. तेव्हा गिलियन कडेवर होती. विकणारा म्हणाला, “बाई, टवका आहे हं.” ती म्हणाली, “टवका दिसतोय मला. मी सांधा बघतेय.” आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला ही गोष्ट दिसत नाही. छापाच्या बशीच्या काठाची नक्षी आधी एका लांब कागदावर छापलेली असते, आणि तो कागद दाबून ती बशीवर उतरवतात. तो गोल फिरवून आणून जिथून सुरू केला तिथं मिळवायचा असतो. जिथं दोन टोकं मिळतात तो सांधा, आणि तो दिसेनासा करायचा म्हणजे काठ मिटवायचा. कागद लावणाऱ्या चांगल्या बाईचा सांधा सापडत नाही. या बशीवर काठाला फुलपाखरं आहेत, आणि एका ठिकाणी फुलपाखराला दीडच पंख आहे. उरलेला अर्धा पंख कुठं गेला देव जाणे. म्यूरिएलनं त्यावर अंगठा फिरवला आणि बाजारात उभ्या उभ्या हसत सुटली. “दमली होती रे बिचारी,” म्हणाली, “शुक्रवारची संध्याकाळ असणार.” दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा बाईचा थकवा तिला अंगठ्याला लागला होता. मग तिनं बशी उलटली. तळ कोरा. त्या काळी काही जण तळाला चिनी अक्षरांसारख्या रेघोट्या मारून ठेवत, वाचणाऱ्यानं समजून घ्यावं काय ते. इथं तेवढंही नव्हतं. “कुणाचीच नाही,” ती म्हणाली, “मग आपली.” तीस वर्षं ती बशी फडताळाच्या वरच्या फळीवर उभी होती. तिच्यात कधी कुणी काही खाल्लं नाही. म्युझियममधला एक माणूस येऊन बघून गेला तेव्हा त्यानंसुद्धा ती दोन्ही हातांनी धरली होती.

तर त्या मंगळवारनंतर रोज बशी उलटी व्हायला लागली. सूप, बटाटे, वाटाणे, पुडिंग. मी चमच्यानं भरवून पाहिलं, तर तिनं चमच्यावरचा शिक्का बघितला. मी रागावलो, ओरडलो, एकदा तिचं मनगट धरून टेबलावर दाबून ठेवलं. नंतर तिथं माझ्या बोटांचे वळ दिसले तेव्हा मागच्या अंगणात जाऊन कोळशाच्या खोलीत रडून आलो. ती रडली नाही. तिच्या लेखी काहीच झालं नव्हतं. पुढच्या जेवणाला तिनं त्याच शांतपणे बशी उलटली आणि मला सांगितलं की ही लाँगटनची आहे. मेटाकुटीला आलो होतो मी. एप्रिलात एकदा सगळी भांडी मोरीत खरकटी पडली होती, धुवायला अंगात त्राण नव्हतं, तेव्हा जाऊ दे म्हणून मी वरच्या फळीवरची ती जुनी बशी काढली आणि तिच्यात तिला लॉबी वाढली, आमच्याकडचा मटण-बटाट्याचा रस्सा. तिनं बशी दोन्ही हातांनी धरली. मी फडकं घेऊन तयार होतो. तिनं अंगठा काठावरून फिरवत नेला, दीड पंखाच्या फुलपाखरापाशी थांबवला, आणि जेवायला लागली. उलटली नाही. उलटून बघण्यासारखं तिथं काही नाही हे तिला पाठ होतं. तेव्हापासून सहा महिने म्यूरिएल रोज तिन्ही वेळा त्या दोनशे वर्षांच्या बशीत जेवते. ती धुताना मी मोरीत आधी जाड टॉवेल अंथरतो. ती फुटली तर बशीचं नुकसान होईल याची मला भीती नाही. ती फुटली तर माझ्यापाशी दुसरा इलाज नाही.

म्हणजे हिशेब सोपा आहे. मिसेस ऑल्कॉक बसल्या असताना जुन्या बशीत केक दिला, तर म्यूरिएल एखाद्या बड्या घरच्या बाईसारखी खाईल आणि घरीच राहील. फुलांच्या बशीत दिला, तर बाई बघतील काय व्हायचं ते, लिहून घेतील, आणि सोमवारनंतर मी रात्रभर झोपेन. मला झोप हवी आहे. हे बोलून दाखवायला लाज वाटते, पण आहे ते असं आहे. मला तिच्याबद्दल राग नाही, किळस नाही, प्रेम आटलेलं नाही. मला फक्त झोप हवी आहे. रात्री ती चार-चारदा उठून कामावर जायला निघते. बिनकुलपाची दारं मी शोधून शोधून बंद केली आहेत. अडुसष्ट वर्षांचा झालो. पूर्वी भट्टीत माल रचणारे लोक म्हणायचे की भाजताना भांडं तडकतं ते ताकद कमी पडते म्हणून नव्हे, विसावा मिळत नाही म्हणून. तेव्हा ते मला मोठं शहाणपण वाटायचं. आता वाटतं, भांड्याला निदान भट्टीतून बाहेर तरी काढतात.

बाहेर दार वाजलं. मी फुलांची बशी काढली. हात माझाच होता. तो जुन्या बशीकडे गेला नाही, तिला नुसतं ओलांडून खाली आला. मी मनाशी म्हटलं, पाहुण्यांना नवा सेटच काढतात. माणूस स्वतःशी किती सभ्यपणे खोटं बोलतो!

मिसेस ऑल्कॉक पन्नाशीच्या, ठेंगण्या, चांगल्या बाई निघाल्या. मला वाईट बाई चालली असती. कोट काढताना म्हणाल्या, “मिस्टर शेंटन, माझी आई डिपिंग हाउसमध्ये कामाला होती हो, झिलईच्या पिंपावर. तेव्हा मी काही परकी नाही. आणि चहा द्याच, घशाला कोरड पडलीय.” म्यूरिएल खिडकीपाशी तिच्या खुर्चीत बसली होती. मी सकाळी तिचे केस विंचरले होते, निळं स्वेटर घातलं होतं. मिसेस ऑल्कॉकनी तिला वार विचारला. ती म्हणाली, “धुण्याचा तर नाही.” आमच्याकडे धुणं सोमवारी असतं. पंतप्रधान कोण, असं विचारलं. “कुणी का असेना, आपल्याला काय देणार आहे?” म्यूरिएल म्हणाली. बाई हसल्या, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी केकचे तुकडे कापले, सुक्या मनुकांचा केक, गिलियननं आणलेला. एक मिसेस ऑल्कॉकना, एक म्यूरिएलपुढे. फुलांची बशी. ठेवताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

म्यूरिएलनं बशी घेतली. तिची चार बोटं बशीखाली गेली, अंगठा वर आला. ही पकड मी ओळखतो. पुढचं सगळं मला दिसत होतं, केक, गालिचा, बाईंचा कागद, सोमवार, पेटी, आणि नंतरची शांतता. मी त्या शांततेची वाट बघत होतो. आणि मग म्यूरिएलनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं असं बघितलं नव्हतं. तिची नजर माझ्यावरून मिसेस ऑल्कॉककडे, त्यांच्या हातातल्या कागदाकडे आणि पुन्हा माझ्याकडे आली. तिनं बशी मांडीवर सरळ ठेवली, काठावर उजवा तळहात सपाट दाबला, आणि मिसेस ऑल्कॉकना म्हणाली, “आणि घरी पायांचं कसं काय आहे आता? या थंडीत फार हाल होत असतील.”

तो तळहात मी पाहिलेला होता. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत. त्या हिवाळ्यात रस्त्यावर माणसाच्या उंचीचं बर्फ होतं आणि कोळसा नव्हता. सोमवारी मी माझ्या आईला पुरलं आणि मंगळवारी कामावर हजर झालो, कारण घरी बसून करणार काय? मी छापायचो, म्यूरिएल लावायची. तापल्या तांब्याच्या पत्र्यावर मी निळा रंग चोळायचा, पुसायचा, साबणाचा ओला कागद घालून दाबयंत्रातून काढायचा आणि तो गरम ओला कागद तिच्या हातात द्यायचा. ती तो बशीवर बसवून कुंचल्यानं घासायची. अठ्ठावीस वर्षं आम्ही हेच केलं. मी कागद दिला, तिनं घेतला. पण तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं, ठरलंही नव्हतं. ती मला मिस्टर शेंटन म्हणायची. त्या मंगळवारी माझे हात ठिकाणावर नव्हते. मी पत्रा नीट पुसला नाही, काठाचे कागद फाटले, आखूड पडले, ताटामागून ताट काठ मिळेना. भट्टीतून चांगलं निघेल तेवढ्याचीच मजुरी, असा तेव्हा कारखान्यांचा नियम. माझ्या हातून तिचाही दिवस वाया चालला होता. आणि नेमके तेव्हाच देखरेखीचे मिस्टर पिकरिंग ओळीतून माल बघत येऊ लागले. त्यांना दिसलं असतं तर त्यांनी मला काढलं असतं, आणि त्या काळात मला दुसरं काम मिळालं नसतं. म्यूरिएलनं हातातल्या ताटाच्या काठावर साबणानं माखलेला तळहात सपाट दाबला आणि म्हणाली, “आणि मिस्टर पिकरिंग, घरी मिसेसच्या पायांचं कसं काय आहे आता? या थंडीत फार हाल होत असतील.” मिस्टर पिकरिंगना त्या विषयावर पुष्कळ बोलायचं होतं. ते बोलत बोलत पुढे निघून गेले. मग ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “दमलायस तू. जा राजा, झोप जरा. काठ मी मिटवते.” आमच्याकडे दूधवाल्यालाही राजा म्हणतात, त्यात विशेष काही नव्हतं. तरी मी पोत्यांच्या ढिगावर जाऊन खरंच तासभर झोपलो, आणि तिनं माझे फाटके तुकडे जोडून जोडून तीन डझन काठ मिटवले. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बोलण्यासारखं तिनं काही ठेवलंच नव्हतं.

“आईचे ना?” मिसेस ऑल्कॉक म्हणत होत्या. “अहो, काय सांगू, सुजून असे होतात. पिंपापाशी उभं राहून राहूनच झालं ते. पण तुम्हाला कसं हो कळलं?” म्यूरिएल गोड हसली. “इथं कुणाच्या घरी पाय दुखत नाहीत?” ती म्हणाली. तळहात तिनं हलवला नाही. बाई दहा मिनिटं आईबद्दल बोलल्या. म्यूरिएल बरोबर ठिकाणी हं म्हणत होती, बरोबर ठिकाणी चुकचुकत होती. तिच्या मनगटाची शीर उडताना मला दिसत होती. किती जोर लागत असेल तिला त्या बोटांना आवरून धरायला! मी ती शीर बघत बसलो, आणि मला माझी इतकी शरम वाटली की चहाचा कप खाली ठेवावा लागला. तिला वार माहीत नव्हता, पंतप्रधान माहीत नव्हता, समोर मिसेस ऑल्कॉक आहेत का मिस्टर पिकरिंग हेही बहुधा माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं की तपासणीला कुणीतरी आलंय, आणि माझ्या हातून चूक झालेली आहे.

दाराशी कोट घालताना मिसेस ऑल्कॉकनी आवाज उतरवला. “त्या काही वाईट नाहीत, मिस्टर शेंटन. मी बघितलंय याहून कितीतरी वाईट. मला काळजी तुमची आहे. खाट मी शनिवारपर्यंत धरून ठेवू शकते. तुमच्या एका शब्दावर आहे. खरं सांगा, झेपतंय का?” नाही झेपत, हे शब्द माझ्या जिभेवर होते. सहा महिने होते. आतल्या खोलीतून काही आवाज येत नव्हता. ती अजून तळहात दाबून बसली होती हे मला न बघता कळत होतं. कुणीतरी गेल्याचं सांगितल्याशिवाय ती तो उचलणार नव्हती.

“झेपतंय,” मी म्हणालो. “आठवड्यातून दोनदा कुणी दुपारचं येऊन बसेल असं बघा, म्हणजे मला पाठ टेकता येईल.” एवढं मागायलासुद्धा मला पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तोंड उघडावं लागलं होतं. बाई म्हणाल्या, “बघते ना. हे आधीच मागायचं होतंत हो तुम्ही.” आणि गेल्या. गिलियन संध्याकाळी फोन करील आणि मला मूर्ख म्हणेल. तिचं खोटं असणार नाही.

मी आत आलो. “गेले,” मी म्हणालो. म्यूरिएलनं तळहात उचलला. केक न हलता बशीत होता. तिच्या तळव्यावर काठाची लाल गोल रेघ उमटली होती. मी तिच्यापुढे गुडघे टेकून बसलो आणि ती रेघ चोळत राहिलो, जाईना.

“माझी बशी नाही दिलीस आज,” ती म्हणाली. तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं.

तिनं दुसऱ्या हातानं माझी हनुवटी वर केली, उजेडाकडे वळवली, आणि सांधा शोधावा तसा अंगठा माझ्या डोळ्याखालून फिरवला. “दमलायस तू,” ती म्हणाली. “जा राजा, झोप जरा. काठ मी मिटवते.”

मी खरंच पुढच्या खोलीत जाऊन कोचावर आडवा झालो. पापण्या जडावत होत्या तेवढ्यात आतून केक गालिच्यावर पडल्याचा मऊ आवाज आला, आणि पाठोपाठ म्यूरिएलचा, मोठा, समाधानाचा: “सिरिल, लाँगटनची आहे!”